स्टेपनीखालचा बोल्ट

मित्रांनो, मला पाहून नाक मुरडू नका. माझ्या चाकांवरचा पत्रा, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने खाल्लाय, मागचा डावा दरवाजा दोरीने बांधलाय, आणि चालकाच्या बाजूची काच वर जाताना मध्येच रुसून बसते. मी एक जुनी, लांबलचक, मागे डिकीपर्यंत काचा असलेली, लोण्याच्या रंगाची मोटार आहे. माझं नाव बर्था. हे नाव कारखान्याने दिलेलं नाही, एल्रॉयने दिलं. त्याची बर्था नावाची एक आत्या होती. अंगाने जाडजूड, जागची हलायला सुस्त, पण दारात येईल त्याला पोटभर खाऊ घालणारी. मला पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आर्डी, ही तर हुबेहूब बर्था आत्या! निघायला वेळ लावते, पण अख्खं गाव पोटात घेईल." तेव्हापासून मी बर्था.

माझा जन्म डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात झाला. मी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होते आणि माणसं मला घडवत होती. कुणी दारं लावली, कुणी दिवे बसवले. शेवटी एका दमलेल्या कामगाराने माझ्या डिकीतली फळी उचलली, खालच्या गोल खळग्यात स्टेपनी ठेवली आणि तिच्यावर एक थाप मारली. त्या खळग्यात पुढे काय काय ठेवलं जाणार आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

तिथून मी विस्कॉन्सिनला, फॉक्स नदीकाठच्या आमच्या गावात आले. एल्रॉय स्मिट्स तिथल्या कागदाच्या गिरणीत कामाला होता आणि त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड सगळे माझ्या वाट्याला आले. दर शनिवारी अंघोळ, हिवाळ्यात पोटाखालचं मीठ गरम पाण्याने धुणं, वर्षाला तेलपाणी. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं तळलेले मासे खायला जायचो. म्हणजे ते दोघं खायचे आणि मी बाहेर उभी राहून वास घ्यायचे. शेजारी एल्रॉयला चिडवायचे, "अरे, बायकोलाही कधी एवढं चोळूनमाळून न्हाऊ घालतोस का?" तो म्हणायचा, "बायको स्वतः अंघोळ करते. हिला मीच लागतो."

नोव्हेंबर आला की मात्र माझी खरी ऐट असायची. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे हरणांच्या शिकारीचा मोसम. अंगात भगवी जाकिटं, थर्मासात कॉफी, डब्यात चीज आणि सॉसेज. एल्रॉयच्या बाबांची जुनी बंदूक घोंगडीत गुंडाळून माझ्या डिकीत आडवी ठेवली जायची आणि आम्ही उत्तरेच्या जंगलात जायचो. त्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता. तीन पिढ्यांच्या गालांनी घासून तो इतका गुळगुळीत झाला होता की एल्रॉय बोलता बोलता उगाच त्यावरून हात फिरवायचा. हरीण मिळालं तर मिळालं, नाही मिळालं तर तो परतताना तितक्याच जोरात गात यायचा. त्याचा आवाज फाटका होता, पण मला तो आवडायचा.

मग गिरणी बंद पडली.

मित्रांनो, लोखंडाला गंज चढतो तो दिसतो. माणसाच्या मनाला चढतो तो दिसत नाही. एल्रॉय आधी गाणं विसरला, मग विनोद, मग बोलणंच. तो गॅरेजमध्ये यायचा, माझ्या सीटवर बसायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि चावी लावायचाच नाही. मला वाटायचं, आत्ता निघू, मग निघू. आम्ही कुठेच निघायचो नाही. आर्डिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहायची. हातातली बशी ती पुसत असायची ती पुसतच असायची.

त्या जानेवारीत, एल्रॉय दुपारचा झोपला असताना, ती गॅरेजमध्ये आली. तिच्या हातात पावाची रिकामी पिशवी होती आणि पिशवीत कोंबड्यांच्या चित्रांचा तिचा टॉवेल. टॉवेलात बंदुकीचा बोल्ट होता. बोल्ट म्हणजे बंदुकीच्या पाठीतला तो सरकता लोखंडी दांडा. तो काढून घेतला की बंदूक नुसती नळी उरते. तिच्याने काहीही होत नाही. तो काढायचा कसा, हे एल्रॉयनेच तिला लग्नानंतर पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तिने माझ्या डिकीतली फळी उचलली, कण्हत कण्हत स्टेपनी वर केली, पिशवी खाली सरकवली आणि तिथेच वाकून उभी राहिली. "एल्रॉय, मला माफ कर," ती म्हणाली. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे. पण मला भीती वाटते." एवढं बोलून तिने फळी लावली आणि डोळे पुसून आत जाऊन बटाटे सोलायला बसली.

हे तिने त्याला सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं सोपं आहे. आमच्याकडची माणसं हवामानावर तासभर बोलतील, चीजवर भांडतील. पण 'तुझ्या मनात काय चाललंय' हे विचारायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते.

आता पुढची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मार्चमध्ये बर्फ वितळून रस्त्यांना खड्डे पडतात. एल्रॉय खिळे आणायला एकटाच बाजारात निघाला होता. अशाच एका खड्ड्यात माझं मागचं चाक फुटलं. तो उतरला, शिव्या देत फळी उचलली, स्टेपनी बाहेर ओढली, आणि खाली पाहिलं तर पावाची पिशवी.

त्याने टॉवेल उलगडला. बोल्ट हातात घेतला. मग माझ्या डिकीच्या काठावर बसला. एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने ओरडून विचारलं, "काका, मदत हवी का?" एल्रॉयने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, हे त्या ड्रायव्हरलाही कळलं नाही, तो निघून गेला. मग एल्रॉयने कोंबड्यांच्या टॉवेलात तोंड खुपसलं आणि तो रडला. लहान मूल रडतं तसा, आवाज करून. गिरणी बंद झाल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला मोठा आवाज होता.

रडून झाल्यावर त्याने खिशातला शिकारीचा भगवा रुमाल काढला. माझ्या डॅशबोर्डच्या खणात तेलाची बाटली असायची. तिचं तेल रुमालावर घेऊन बोल्ट नीट पुसला, रुमालात गुंडाळला, वर गाठ मारली, पावाच्या पिशवीत घातला आणि होता तिथेच परत ठेवला. चाक बदललं. आणि मित्रांनो, खिळे राहिले बाजूला. त्याने मला सरळ दवाखान्याकडे वळवलं. आत जाऊन डॉक्टरला काय सांगितलं ते मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात औषधाची चिठ्ठी होती आणि तो बर्फात जरा घसरला, तर स्वतःवरच हसला. पंक्चर काढून आणलं, स्टेपनी जागेवर गेली, आणि आर्डिसला तो यातलं अवाक्षर बोलला नाही. टॉवेल तेवढा धुऊन गुपचूप तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

हळूहळू त्याला बरं वाटू लागलं. आम्ही पुन्हा मासे खायला जाऊ लागलो. पण नोव्हेंबर आला की तो म्हणायचा, "यंदा गुडघा दुखतोय, आर्डी. नको शिकार." आणि घरात लंगडायचा. माझ्यात बसताना मात्र तो गुडघा लोण्यासारखा वळायचा! असे दोन नोव्हेंबर गेले. तिसऱ्याच्या आधी, एका रविवारी, फुटबॉलचा सामना बघता बघता त्याचं हृदय थांबलं. खुर्चीत बसल्या बसल्या, हातात सॅन्डविच असताना गेला.

आर्डिसच्या मनाने मात्र वेगळाच हिशेब मांडला. तिला वाटलं, त्याने कधीतरी बंदूक उघडून पाहिली असणार. बोल्ट नाही म्हणजे आपली बायको आपल्याला वेडा समजते, हे त्याला कळलं असणार. म्हणून तो शिकारीला गेला नाही, म्हणून गुडघ्याचं निमित्त केलं, आणि ते दुखणं मनात घेऊनच गेला. स्टिअरिंगवर हात ठेवून ती मोठ्याने बोलायची. "तुझे नोव्हेंबर मी खाल्ले, एल्रॉय. शेवटचे दोन नोव्हेंबर." मी काय करणार? मला भोंगा आहे, जीभ नाही. सत्य माझ्या पोटात होतं आणि त्याच्यावर बसून ती रोज रडत होती.

माझ्याकडे तेव्हापासून कुणाचं लक्ष राहिलं नाही. अंघोळ बंद झाली. मिठाने पत्रा धरला. काच बिघडली. मी कुरकुर केली नाही. ज्या घरातलं गाणं गेलं, त्या घरात गाडीच्या रंगाचं काय घेऊन बसायचं?

मग एका ऑक्टोबरात चर्चमध्ये घोषणा झाली: घरात नको असलेली बंदूक असेल तर शनिवारी चर्चच्या वाहनतळावर आणा. पोलीस घेतील, कापून टाकतील, बदल्यात किराण्याची कुपनं मिळतील, कुणी काही विचारणार नाही. बंदूक डिकीत ठेवायची आणि चालकाने खाली उतरायचं नाही, एवढाच नियम. आर्डिसने कपाटातली बंदूक घोंगडीत गुंडाळली. तिला ती डोळ्यांसमोर नको होती. आणि करवतीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता, शिक्षा म्हणून.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊसबर्फ, म्हणजे पावसात मिसळलेलं बर्फ, भुरभुरत होतं आणि रांग फाटकाबाहेर रस्त्यावर आलेली. फुटपाथवर काही माणसं पुठ्ठ्याचे फलक घेऊन उभी होती. 'आत कुपनं, इथे रोख!' असं एका फलकावर होतं. हे खाजगी खरेदीदार. ते प्रत्येक गाडीत डोकावून विचारायचे, काय आणलंय, आम्हाला द्या, जास्त देऊ. पोलिसांना त्यांना हाकलता येत नव्हतं. फुटपाथ सगळ्यांचा, आणि शिकारीची बंदूक रस्त्यात विकत घेणं आमच्याकडे गुन्हा नाही. चर्चच्या बायका त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू भरल्या पंगतीतून कुणी पाहुणे पळवतंय.

त्यांतला एक माझ्याकडे आला. पन्नाशीचा, दाढीवाला, कानटोपीचे कान लोंबत असलेला. आर्डिसने घाईने काच वर करायला घेतली. काच आली अर्ध्यावर आणि अडकली. मित्रांनो, माझ्या खोडीमुळे कुणाचं भलं झालं असेल तर ते तेवढंच.

"नमस्कार बाई. मी रँडी प्रिबिल. मागे काय आहे?"

"बटाटे," आर्डिस समोर बघत म्हणाली.

"बटाटे द्यायला पोलिसांच्या रांगेत?"

"त्यांना फार आवडतात."

रँडी हसला. मागे जाऊन त्याने काचेतून पाहिलं आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "बाई, घोंगडीतून दस्ता दिसतोय. अक्रोडाचा आहे. असं लाकूड आता बघायला मिळत नाही. आत काय करतात माहितीये ना? करवत. तुमच्या कुपनांच्या तिप्पट देतो, आत्ता, हातावर."

"तुम्हाला लाज वाटत नाही का हो? चर्चच्या दारात धंदा मांडलाय!"

"वाटते ना. म्हणून तर टोपी नाकापर्यंत ओढलीये." मग तो जरा गंभीर झाला. "मी चोरबाजारवाला नाही, बाई. जुन्या शिकारी बंदुका दुरुस्त करतो. कुणाच्या आजोबाने सांभाळलेली वस्तू चिरताना बघवत नाही मला. यजमानांची का?"

"होती."

"मग मी तिला चांगलं घर बघून देईन. शपथ. बोल्ट आहे ना पण? मघाशी दिसला नाही. बोल्ट नसेल तर आतले पोलीसही ती मोडकी धरतात आणि कुपनं निम्मी करतात."

आर्डिसने मागे वळून डिकीकडे पाहिलं. वायपर एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. "आहे," ती शेवटी म्हणाली. "गाडीतच आहे. स्टेपनीखाली."

"स्टेपनीखाली? तिथे कोण ठेवतं?"

"मी."

रांगेत स्टेपनी काढणं शक्य नव्हतं. आर्डिसने मला बाहेर काढून शेजारच्या गल्लीत उभं केलं. पास्टरची बायको लॉरेटा फाटकातून ओरडली, "आर्डिस! अगं, त्या बोक्याच्या नादी लागू नकोस!" रँडीने टोपी काढून तिला वाकून नमस्कार केला. तिने पाठ फिरवली.

त्याने फळी उचलली. स्टेपनीचा नट गंजून घट्ट बसला होता. आपल्या गाडीतून पाना आणून, त्यावर लोंबकळून त्याने तो एकदाचा फिरवला. "आपटी खाल्ली तर त्या बोक्यावालीला बोलावू नका," तो म्हणाला. मग स्टेपनी बाहेर ओढली, हात खाली घातला आणि पिशवी आर्डिसच्या हातात दिली.

"ही माझीच पिशवी," ती म्हणाली आणि उघडली. आत भगवा रुमाल होता.

ती बघतच राहिली. "हे माझं नाही."

"आत्ता म्हणालात की तुम्हीच ठेवलंय."

"मी टॉवेलात ठेवलं होतं. कोंबड्यांच्या. हा... हा एल्रॉयचा रुमाल आहे."

रँडीने बोट लावून गाठ पाहिली. "ही शिकाऱ्याची गाठ आहे, बाई. हातमोजे घातले तरी एका ओढीत सुटते. ओढा."

तिने ओढली. गाठ सुटली. आत बोल्ट होता, तेलाने चकचकीत, गंजाचा एक ठिपका नाही. माझा सगळा पत्रा सडला, पण त्या बोल्टला थेंबभर पाणी लागलं नव्हतं.

"टॉवेल," आर्डिस पुटपुटली. "तो टॉवेल ड्रॉवरमध्ये सापडला होता मला. मला वाटलं, मी दुसऱ्याच कशात गुंडाळलं असेल. वाटलं, माझंच डोकं फिरलंय." ती डिकीच्या काठावर बसली, एल्रॉय बसला होता अगदी तिथेच. मग तिने रँडीला सगळं सांगून टाकलं. गिरणी, गॅरेज, जानेवारीची दुपार. परक्या माणसाला सांगणं कधीकधी सोपं जातं. रँडी पाना हातात धरून ऐकत उभा होता, पाऊसबर्फ दाढीत साठत होतं, त्याने ते झटकलंही नाही.

"म्हणजे त्याला सापडला होता," तो हळूच म्हणाला. "सापडला, आणि त्याने परत ठेवला."

"परत का ठेवला असेल?"

"बाई, त्याला हवा असता तर त्याने खिशात टाकला असता. राग आला असता तर तुमच्यापुढे टेबलावर आपटला असता. तुम्ही लपवलेल्या जागी, तेल लावून, परत ठेवलाय त्याने. याचा एकच अर्थ होतो. तुम्ही केलंत ते त्याला पटलं होतं."

आर्डिसच्या तोंडून आधी हसू निघालं आणि मागोमाग रडू. "गाढव!" ती रडत रडत म्हणाली. "दोन नोव्हेंबर लंगडत होता मेला! मी त्या गुडघ्याला मलम चोळत बसायची!" तिने रुमाल तोंडाला लावला. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, मित्रांनो, की माझं इंजिन बंद असूनही मी थरथरले असेन.

रोख पैसे रँडीच्या खिशात होते आणि आता बोल्टही सापडला होता. पण त्याने खिशाला हात लावला नाही. आर्डिसनेच विचारलं, "मी तुला ही दिली, तर तू कुणाला देशील?" केव्हा ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली, दोघांनाही कळलं नाही.

"ज्याला हवी त्याला. चांगल्या माणसाला."

"एल्रॉय चांगलाच होता. तू त्या माणसाला विचारशील का, की बाबा, तुझा हा हिवाळा कसा चाललाय?"

रँडी पान्याकडे बघत राहिला. "नाही विचारत. तोंडून निघत नाही ते. किंमत विचारतो, पत्ता विचारतो, आणि शुभेच्छा देतो."

"मग नको. वाईट वाटून घेऊ नकोस. आत जाऊ दे हिला."

"तीन पिढ्यांचं लाकूड आहे, बाई."

"माहीत आहे. एकदा हात फिरव आणि मग घोंगडीत घाल."

त्याने हातमोजा काढून दस्त्यावरून हात फिरवला, बंदूक गुंडाळली, स्टेपनी बसवली आणि मला मागे घ्यायला हाताने इशारे केले. पुन्हा रांगेत घुसायला आम्हाला जागाही त्यानेच करून दिली. एका पिकअपवाल्याने भोंगा वाजवला, तर त्याच्यावर खेकसला, "थांब की! बाई आधीच रांगेत होत्या." लॉरेटाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आत एका पोलिसाने बंदूक आणि बोल्ट दोन्ही उचलले, तपासले आणि कुपनं दिली. रुमाल आर्डिसने ठेवून घेतला. करवत लोखंडाला लागली तसा कर्कश आवाज आला, मग लाकडाला लागली तेव्हा जरा मऊ. ती शिक्षा म्हणून ऐकायला आली होती. पण तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं, एल्रॉय. आता कुणालाच लपवायला नको." जुन्या लाकडाचा वास माझ्या अर्ध्या काचेतून आत आला. खोटं कशाला सांगू, मलाही वाईट वाटलं. माझ्याच डिकीत झोपायची ती.

आम्ही मागच्या फाटकाने बाहेर पडलो, तर रँडी तिथे उभा. फलक कुठेतरी टाकून आला होता. हातात फोन होता आणि तो त्याच्याकडे असा बघत होता, जणू तो चावेल. आर्डिसने ब्रेक लावला.

"आता काय? कुपनं विकत घ्यायचीत?"

तो हसला नाही. "बाई, माझा धाकटा भाऊ आहे. डेल. वर उत्तरेला तळ्याकाठी एकटा राहतो. वसंतात त्याची बायको सोडून गेली. फोन केला की 'ठीक आहे' म्हणतो. बाकी काहीच म्हणत नाही." त्याने फोन हातात उलटासुलटा केला. "बंदूक मीच दिलीये त्याला. गेल्या ख्रिसमसला. अशाच एका रांगेतून घेतलेली. म्हटलं, शिकार केली की मन रमेल. कसं विचारतात हो?"

"मला नको विचारूस. मी विचारलं नाही, मी चोरलं. आणि नंतर वर्षानुवर्षं जळत राहिले." तिने वाकून दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. "बस आत. गारठलायस. फोन लाव."

"आत्ता? काय बोलू?"

"जे मला बोलता आलं नाही ते. भीती वाटते म्हण."

तो माझ्यात बसला. माझी सीट कुरकुरली. नंबर लागला. तिकडून एक थकलेला आवाज आला, "हं."

"डेल, मी रँडी." मग तो फोन बंद करायला निघाला. आर्डिसने त्याच्या ढोपरावर चापट मारली. "अरे, ऐक ना. तुझी ती बंदूक... या हिवाळ्यात माझ्याकडे राहू दे."

"का? गिऱ्हाईक मिळालं?"

"नाही रे. विकायची नाहीये." रँडीचा आवाज फाटला. "मला भीती वाटते, डेल. तुझी काळजी वाटते. तुला राग आला तरी चालेल, पण मी विचारतोय. तू खरंच ठीक आहेस का?"

फोनमधून फक्त श्वास ऐकू येत होता. माझे वायपर फिरत होते. आर्डिसने हात पुढे करून ते बंद केले, म्हणजे नीट ऐकू येईल. रँडीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"रँडी," शेवटी तिकडून आवाज आला, आणि तो मघाचा आवाज नव्हता. "आज येतोस का?"

"निघालोच," रँडी म्हणाला.

मित्रांनो, पुढच्या वर्षी तो माणूस फुटपाथवर आला नाही असं सांगून मी तुम्हाला खूश करणार नाही. तो येतो. बंदुकाही घेतो. आर्डिस चर्चच्या बाजूने कॉफी वाटते आणि जाता-येता त्याला टोमणे मारते. मला आता फार दूर नेत नाहीत. एखाद्या दिवशी भंगारवाला येईल आणि माझंही लोखंड कापलं जाईल. त्याचं मला दुःख नाही. माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या घरात एखादा मोठा माणूस गप्प गप्प झाला असेल, गाणारा गात नसेल, हसणारा हसत नसेल, तर त्याला मूड नाही म्हणून सोडून देऊ नका. आईला सांगा, बाबांना सांगा, गुरुजींना सांगा. घातक वस्तू त्याच्यापासून दूर ठेवायला मोठ्यांना सांगा. आणि त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. त्याला राग येईल, म्हणून थांबू नका. डेलला राग आला नव्हता. तो कधीपासून कुणीतरी विचारायची वाट बघत होता.